खुणेच्या फांद्या

शस्त्रक्रियेच्या खोलीत माझी जागा कोपऱ्यात,
भिंतीला पाठ, मांडीवर कीबोर्ड.
माझ्या हातात सुरी नाही. माझ्याकडे एक आकडा आहे,
तो वाढला की मोठ्यानं बोलायचं,
एवढ्याचा पगार.

तार्तू. फेब्रुवारी. सकाळचे सात, खिडकीत अजून रात्र.
टेबलावर लेइदा वाहेर, वय एकाहत्तर,
मासेमारीची जाळी विणणारी.
काल तिनं विचारलं होतं,
त्या चष्म्यातून माझ्या डोक्यात काय काय दिसतं?
मी म्हटलं, गाठ दिसते. विचार दिसत नाहीत.
"मग बरं," म्हणाली,
आणि उशीखालचं चॉकलेट माझ्या हातावर ठेवलं:
मला उद्यापर्यंत मनाई आहे.

कपाळावर, कानांमागे सहा टिकल्या.
डोकं शिकंज्यात, शिकंज्याला चार करड्या गोळ्या.
छतावरच्या कॅमेऱ्याला माणसं कळत नाहीत,
त्याला गोळ्या कळतात.
सिस्टर उर्वेचा खांदा मध्ये आला
की त्याच्यापुरती लेइदा जगातून जाते.
दृष्टीआड सृष्टी, अक्षरशः.
खांदा हलला. आली परत.

चुंबकाची दुसरी एक रीत आहे,
तिला खांद्यांची अडचण नाही.
पण जवळ लोखंड आलं की ती थापा मारते,
आणि इतक्या शांतपणे
की आकडा लाजतसुद्धा नाही.

माझे वडील हीउमा बेटावर
बर्फावरच्या रस्त्याला खुणा करायचे.
समुद्र गोठला की भोकं पाडायची,
जुनिपरच्या फांद्या रोवायच्या, बुडाशी पाणी ओतायचं,
रात्रीत ते दगड होई.
मग धुक्यात गाड्या चालत, पट्टे सोडून,
फांदीवरून फांदीकडे.
एका मार्चमध्ये वारा उलटला.
फांद्या जागच्या जागी, ओळ सुतासारखी,
आणि खालचं पाणी हातभर उतरलेलं.
वडिलांनी काठी आपटली. ऐकलं. पुन्हा आपटली.
फांदी खोटं बोलत नाही, म्हणाले,
पण तिला फक्त बर्फाचं ठाऊक.
पाण्याचं पाण्यालाच विचारावं.

डॉक्टर मारिका ओयास्तेच्या डोळ्यांवर चष्मा,
चष्म्यात हिरवी रेषा, उघड्या मेंदूवर तरंगणारी,
गाठीची हद्द.
कवटी उघडली, आतलं पाणी निथळलं,
आणि मेंदू हलकेच खाली बसला,
भट्टीचं दार अवेळी उघडल्यावर
फुगलेला पाव बसावा तसा.

आकडा: शून्य पॉइंट आठ. हिरवा.
टिकल्या जागेवर. गोळ्या जागेवर. कवटी जागेवर.
रेषा मात्र सकाळच्या लेइदाभोवती फिरते आहे.

वाढलेला नव्हता आकडा. तरी मी बोलले.
"डॉक्टर, बर्फ जागेवर आहे. खालचं पाणी उतरलंय."
उर्वेनं माझ्याकडे असं पाहिलं
जसं झोपेत बरळणाऱ्याकडे पाहतात.
मग मी नीट सांगितलं, मिलिमीटरांत.

मारिका क्षणभर थांबली.
चष्मा वर घ्या, म्हणाली, सोनोग्राफी द्या.
प्रोब टेकवला,
करड्या दाण्यांच्या हिमवादळात
गाठ आपल्या खऱ्या जागी बसलेली दिसली.
पाच मिलिमीटर. जवभर.
त्या जवभर जागेत लेइदाचा उजवा हात राहतो.

तिसऱ्या दिवशी तिनं त्या हातानं
गाऊनच्या नाडीला जाळ्याची गाठ मारली.
सोडव बघू, म्हणाली.
मला सुटेना. ती इतकी हसली
की टाके दुखले.

अहवालात मी लिहिलं, त्रुटी ०.८.
रकाना तेवढाच होता.

रात्री वडिलांना फोन केला.
यंदा समुद्र गोठलाच नाही, म्हणाले.
फांद्या तोडून ठेवल्यात मात्र, अंगणात,
अजून हिरव्या आहेत.